विमानाचा पंख काशीबाईच्या मोरीत

हे सांगायचं मी आजवर टाळलं. कुणी संपाचे दिवस काढले की मी कप खाली ठेवून उठायचो. मुलीने एकदा समोर टेपरेकॉर्डर ठेवला, "बाबा, गिरणगावातलं सांगा," म्हणाली. मी मोर्चे सांगितले, गेटसभा सांगितल्या, बंद पडलेली चिमणी सांगितली आणि दादांपाशी आलो तसा खोकला काढला. आता खोकला खराच लागलाय, आणि दादा जाऊनही सात वर्षं होऊन गेली. आमच्या लालबागच्या चाळीतले उरलेले दोनतीन म्हातारे अजून सांगतात, संपात आपल्यात मालकाचा एक माणूस होता. दादांचं नाव घेऊन सांगतात. दादा मालकाचे नव्हते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं.

दादा रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, फिटर. ठेंगणे, पाय जरा बाकदार, आणि शर्टाच्या कॉलरमागे कायम एक लाकडी दांडी खोचलेली. ती त्यांच्या आईच्या ताकाच्या रवीची दांडी. खालचं फूल मोडलं, दांडी उरली. मशीन बिघडलं की दादा दांडीचं एक टोक मशीनला लावायचे, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. "चौदा नंबरची चाती. तेल नाही." उघडून बघावं तर चौदा नंबरच्या चातीत तेल नसायचंच. आवाज फार असला तर ते दांडीचं टोक दातांत धरायचे. म्हणायचे, "कान फसतात रे कारकुना. दात फसत नाहीत."

त्या दांडीला घरी-दारी काही वर्ज्य नव्हतं. घड्याळाला लावायचे, शेजारच्या स्टोव्हला लावायचे, भिंतीला लावून वरच्या मजल्यावर कोण वरवंटा ओढतंय ते सांगायचे. चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी अण्णा, भारी भक्कम माणूस, विणकर. एकदा त्यांच्या छातीला दांडी लावून दादा गंभीरपणे म्हणाले, "अण्णा, तुमचा एक व्हॉल्व्ह घासतोय." अण्णांनी शिव्या दिल्या, पण पुढे आठवडाभर ते जिना सावकाश चढत होते.

मला ते कारकुना म्हणायचे. मी त्याच गिरणीत टाइम ऑफिसात होतो. दादांहून बारा वर्षांनी लहान, शेजारच्याच खोलीत. माझ्यात सांगण्यासारखं एकच होतं, अक्षर. चाळीच्या गेटात मंडळाचा फळा होता, त्यावर रोज सकाळी मी सुविचार आणि बातम्या लिहायचो. लोक कामावर जाताना थांबून वाचायचे, आणि मी गॅलरीतून ते वाचताहेत का बघायचो.

विमान चाळीत आलं ते माझ्यामुळे. संपाच्या आधी साधारण दीड वर्ष मालकाने स्वतःचं विमान घेतलं. त्याची एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका मुख्य ऑफिसातल्या कचऱ्याच्या टोपलीत पडली होती. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. फडताळात अंथरायला बरी म्हणून मी ती घरी आणली. दादा सुपारी मागायला आले, त्यांनी एक पान उघडलं आणि सुपारी विसरले. त्या पानावर इंजिन उभं कापून दाखवलं होतं.

"काय लिवलंय?"

मी वाचलं.

"मराठीत वाच, मेल्या."

तिथून सुरू झालं. रोज संध्याकाळी दोन परिच्छेद. मी मराठी करायचो आणि दोनशे पानी वहीत लिहून काढायचो. दादा एकेका वाक्याला अडवायचे. पहिल्याच पानावरच्या एका वाक्यावर आम्ही तीन दिवस बसलो होतो. त्यात म्हटलं होतं की हे विमान जेट आहे आणि पंख्याचंही आहे.

"दोन्ही कसं असेल? एकतर बैलगाडी, नाहीतर मोटार," मी म्हणालो.

दादा तिसऱ्या दिवशी ओरडतच आले. पायात चप्पल नव्हती. "अरे, आत भट्टी जेटची आहे! जेट काय करतं, गरम हवा मागे फेकतं. हे फेकून देत नाही. त्या हवेवर आणखी एक चाक फिरवतं, आणि त्या चाकाला पंखा जोडलाय. कळलं? आतलं चाक मिनिटाला सदतीस हजार फेरे. सदतीस हजार! आपली चाती बारा हजार मारते तर आपण कॉलर वर करून फिरतो. मग मधे गिअरबॉक्स. सदतीस हजारचे दोन हजार करून पंख्याला देतो. आतला धावतो, बाहेरचा ओढतो." मग ते माझ्या खाटेवर बसले आणि बराच वेळ नुसते हसत होते.

मी दादांना प्रार्थनेत कधी तल्लीन झालेलं पाहिलं नाही. गिअरबॉक्सबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज हलका व्हायचा.

पुढच्या काही महिन्यांत सगळ्या चाळीला विमान पाठ झालं. पंचवीस हजार फुटांवरून जातं. आत मात्र हवा भरून ठेवतात, त्यामुळे बसलेल्याला महाबळेश्वरच्या दुप्पट उंचीवर बसल्यासारखं वाटतं, त्याच्या वर नाही. दिल्लीला अडीच तास, मधे कुठे तेल घ्यायला उतरायचं नाही. धावायला जागा फार लागत नाही. दादा माझ्याबरोबर लालबागच्या नाक्यावरून चिंचपोकळीकडे निघाले की पहिल्या शंभर पावलांत चाल वाढवायचे. पुढे एक पिठाची गिरणी होती, तिच्यासमोर आले की टाचा उचलायचे आणि म्हणायचे, "उठलं." दरवेळी त्याच जागी. पिठाच्या गिरणीवाला भय्या हात जोडायचा, "राम राम पायलटसाब."

संप लागला आणि सगळ्यांच्याच संध्याकाळी रिकाम्या झाल्या. सकाळी सभा, दुपारी मोर्चा, पण साडेपाच वाजता, पूर्वी पहिली पाळी आणि अंघोळ आटोपून माणसं गॅलरीत यायची त्या वेळी, काय करावं कळायचं नाही. एका संध्याकाळी दादा चुन्याची बादली आणि सुताची बॉबिन घेऊन अंगणात उतरले. सूत मापून त्यांनी विमान आखलं. खरं माप, एक इंच कमी नाही. नाक गेटाकडे, फळ्यासमोर. लांबी पस्तीस फूट, ती बसली. पंखांचा पसारा मात्र पन्नास फूट आणि दोन चाळींमधलं अंगण जेमतेम बेचाळीस.

"लहान करा की," अण्णा वरून म्हणाले.

"विमान लहान करू? अंगण लहान आहे, तो काय विमानाचा दोष?"

दादांनी सूत ताणलं आणि डावा पंख सरळ तळमजल्यावरच्या काशीबाईच्या दारातून आत नेला. काशीबाई माहीमच्या कोळीवाड्याची. नवरा गेल्यावर आमच्या चाळीत खोली घेऊन राहिली होती, सकाळी मासळी विकायची. ती मोरीत टोपली धूत होती.

"काय रं, माझ्या मोरीत काय करतोस?"

"काशीबाय, पंख आलाय तुझ्याकडे. आठ फूट. टोकाला हिरवा दिवा की लाल ते बघून सांगतो." मग माझ्याकडे वळून, "कारकुना, डाव्या टोकाला कुठला?"

मी गेटापासून ओरडलो, "लाल!"

काशीबाईने हात पदराला पुसले, रेघेकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या टोकावर कुंकवाचा ठिपका दिला. पुढे ती सगळ्यांना सांगायची, "मालकाच्या इमानाचा पंख माझ्या मोरीत हाय. मी टोपली धुतली की तो ओला व्हतो."

रोज साडेपाचला उड्डाण. चुन्याच्या रेघेत आठ पाट मांडायचे. दोन पुढे, सहा मागे, त्यातले चार समोरासमोर. पुस्तिकेत तसंच होतं. शेपटीकडे एक छोटा चौकोन. "हा संडास," दादांनी जाहीर केलं.

"आठ माणसांना एक?" दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं. आमच्याकडे एका मजल्याला चार होते, आणि खोल्या बावीस.

"आठांना एक. दाराला कडी आहे. आणि रांग नाही."

त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या संडासाला पडल्या.

अण्णांना हे पहिल्यांदा रुचलं नव्हतं. "आपण रस्त्यावर, आणि तुम्ही मालकाच्या विमानाचं कौतुक करता?"

दादा म्हणाले, "मालकाचं कसं? त्यानं घेतलंय फक्त. त्याला विचारा, आतलं चाक किती फिरतं? त्याला विचारा, पाती उलटी कधी वळतात? सांगितलं तर मी विमान पुसतो."

"तुम्हाला येतं?"

"ह्या चाळीत सगळ्यांना येतं. विचारा काशीबायला."

अण्णांनी खरंच विचारलं. काशीबाई टोपलीवर हात ठेवून म्हणाली, "इंजान बंद पडलं तर पाती वाऱ्याला कड दावून उभी ऱ्हातात. वल्हं मागारी आणताना आम्ही आडवं करून आणतो, तसं. न्हायतर वारा अडतो. आन् पंखावर बरफ धरला तर कडेचं रबर फुगतं, बरफ फुटतो. मी त्याला म्हटलं, रबर कशापायी, माझी धुणं बडवायची मोगरी घेऊन जा."

 अण्णा पाट ओढून चौथ्या जागेवर बसले. "आज कुठं?"

"दिल्ली. मंत्र्याला निवेदन द्यायचंय."

दादा तोंडाने इंजिन सुरू करायचे. आधी शीळ, बारीक, चढत जाणारी, मग पंख्याची घरघर तिच्यात मिसळायची. आठ माणसं एकदम मागे रेलायची. गॅलऱ्यांतून पन्नास माणसं बघायची. आणि उतरताना सगळ्यांत मोठी मजा. चाकं टेकली की दादा दोन्ही तळहात उलटे करायचे. पाती उलटी वळली, पंखा आता हवा पुढे ढकलतो, आणि विमान आपलं आपण थांबतं. "ज्यानं ओढलं तोच थांबवतोय बघा!" आठही जण पुढे झुकायचे. अण्णा मागणीपत्र हवेत मंत्र्याला द्यायचे आणि खाली उतरायचे. मी तिसऱ्या पाटावर बसायचो, खिडकीची जागा, दादांनी ठरवून दिलेली. त्या महिन्यांत आमच्या घरची माणसं हसली ती फक्त त्या अंगणात. मी, वडील आणि भाऊ, तिघांचेही पगार एकाच गेटातून येणारे होते, आणि ते गेट बंद होतं.

आता तो दिवस.

संपाला सात महिने झाले होते. मालकाचं विमान सांताक्रूझला विमानतळाच्या जुन्या बाजूला एका हँगरमध्ये ठेवलेलं असे. तिथला स्टोअरकीपर पूर्वी आमच्या मुख्य ऑफिसात होता. त्याने निरोप पाठवला की स्टोअरला चांगल्या अक्षराचा माणूस हवाय, भेटून जा. मालकाची नोकरी, संप चालू असताना. आमच्या चाळीत नियम होता: जो मालकाच्या दारात जाईल त्याचं नाव फळ्यावर, आणि नाव लागलं की त्या घराशी कुणी बोलायचं नाही. नियम मंडळाने केला होता, अक्षर माझं होतं.

मी दादांना म्हणालो, "चला, तुम्हाला विमान दाखवतो. ओळख आहे माझी." कुणी पाहिलंच तर सांगायला कारण असावं, म्हणून मी त्यांना नेलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय.

दादांनी लग्नातला शर्ट घातला. कॉलरमागे दांडी. बसमध्ये पूर्ण वेळ उभे राहिले, जागा होती तरी.

हँगरचा मुख्य मेकॅनिक हवाई दलातून निवृत्त झालेला एक सरदारजी होता. स्टोअरकीपरने मला आत बोलावलं तेव्हा मी दादांना त्याच्याकडे सोडलं. "ये उस्ताद है, देखना चाहता है," एवढंच म्हणालो. ऑफिसच्या काचेतून मला सगळं दिसत होतं.

दादा आधी विमानाभोवती फिरले. हात मागे बांधलेले, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे. डाव्या पंखाच्या टोकाशी थांबले. मला माहीत होतं, त्यांना तिथे काशीबाईची मोरी दिसत होती. मग त्यांनी सरदारजीला काहीतरी विचारलं. सरदारजीने आधी तुटक उत्तर दिलं, मग हातातलं फडकं खाली ठेवलं, मग स्टूल ओढलं. स्टोअरकीपर माझ्याशी बोलत होता आणि माझं अर्धं लक्ष बाहेर. सरदारजीने दादांचा हात धरून पंख्याच्या पात्यावर ठेवला. दादांनी एका बोटाने ढकललं आणि पंखा फिरला. एका बोटाने! आतली भट्टी आणि पंख्याचं चाक एकमेकांना जोडलेली नसतात, मधे फक्त हवा असते, म्हणून तो असा सुटा फिरतो. वहीत मी स्वतः लिहिलं होतं ते. पण बघणं वेगळं.

दादांनी दांडी काढली. एक टोक इंजिनाच्या अंगाला, दुसरं दातांत. डाव्या हाताने पंखा हळूहळू फिरवला आणि त्यांचा चेहरा पडला. मी फॉर्म घेऊन बाहेर आलो तेव्हा ते कळवळून सांगत होते, "साब, अंदर ढीला है. टिक टिक करता है. ऐसे मत उडाव."

सरदारजी इतका हसला की त्याला पंखाला टेकावं लागलं. "उस्ताद, वो ढीला ही रखते हैं. अंदर के चक्के की छोटी छोटी पत्तियाँ. ठंडे में हिलती हैं. घूमने लगीं तो अपने आप टाइट बैठ जाती हैं."

आयुष्यभर ज्याने ढिलं दिसलं की आवळलं, त्या माणसाला हे झेपायला वेळ लागला. मग हळूहळू त्यांचे डोळे मोठे झाले. "मुद्दाम? मुद्दाम ढिली?" त्यांनी पुन्हा दांडी दातांत धरली, पुन्हा पंखा फिरवला, आणि आता तीच टिकटिक ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आयक, कारकुना. आयक. हजारभर फेऱ्यांनंतर गप्प होणार सगळी."

माझ्या हातात नोकरीच्या अर्जाचा कोरा फॉर्म होता. मी घडी घालून खिशात टाकला. त्यांनी पाहिला की नाही, मला सांगता येणार नाही.

परतीच्या बसमध्ये ते एका दमात बोलत होते. मधेच म्हणाले, "सरदारजी म्हणाला, ये माझ्याकडे, हेल्पर म्हणून घेतो. उद्यापासून."

"मग?"

"मग काय? संप मिटला की येतो म्हटलं. आता त्या हँगरात झाडू मारला तरी चाळीला तोंड कसं दाखवू?" आणि लगेच परत पात्यांवर. "मुद्दाम ढिली रे. डोकं बघ त्यांचं."

मी परळला, लालबागच्या आधीच्या थांब्यावर, उतरलो. चुलतभावाकडे जाऊन येतो म्हणालो. खरं म्हणजे आम्ही दोघं बरोबर दिसायला नको होतो. मी तासाभराने चाळीत शिरलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. पाट मांडलेले होते, पण कुणी बसलेलं नव्हतं. सगळी चाळ चुन्याच्या रेघेबाहेर उभी होती आणि रेघेच्या आत एकटे दादा. चाळीतल्या एका टॅक्सीवाल्याने कुंपणाच्या जाळीतून त्यांना पाहिलं होतं. मालकाच्या विमानावर हात ठेवून, मालकाच्या माणसाबरोबर हसताना.

"कशाला गेला होतात?" अण्णा विचारत होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं.

"बघायला. अण्णा, आतली पाती मुद्दाम ढिली ठेवतात! मी तुम्हाला दाखवतो, बसा तर—"

"आत कुणी सोडलं? बरोबर कोण होतं?"

दादांची नजर फिरत फिरत माझ्यापाशी आली. मी गेटात होतो, फळ्याखाली. खिशात फॉर्म होता.

"एकटाच होतो," दादा म्हणाले.

अण्णा माझ्याकडे वळले. "तू त्यांच्या शेजारचा. वही तुझी. तुला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

बोलायला एवढाच वेळ लागला. मग कुणीतरी माझ्या हातात खडू दिला.

मी नाव लिहिलं. खाली खोली नंबर. वर 'मालकाच्या दारात गेलेले'. नेहमीच्या अक्षरात, सरळ ओळीत.  

सकाळी दादा पाण्याची बादली घेऊन फळ्यासमोर थांबले. मी गॅलरीत होतो. त्यांनी सगळं सावकाश वाचलं, वर पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर छान आलंय." त्यात टोमणा नव्हता. वहीचं प्रत्येक पान पुरं झालं की ते असंच म्हणायचे.

त्याच बादलीने त्यांनी विमान धुतलं. शेपटीकडून सुरुवात केली, नाकापर्यंत आले. काशीबाईच्या दाराशी गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसून होती. "माझ्या घरातली रेघ माझी हाय. तिला हात लावशील तर मोगरी घालीन डोक्यात." चाळीत दादांशी बोलणारी ती एकटी राहिली. तिलाही अण्णांनी समज दिली, तर ती म्हणाली, "माझं पन नाव लिव फळ्यावर. कोन लिवतो बघू." तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं असं मला अजून वाटतं.

नियम असा होता की नाव संप मिटेपर्यंत पुसायचं नाही. आणि तो संप कुणी मागे घेतलाच नाही. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, काही झाल्याच नाहीत, माणसं गावी गेली, अण्णा स्वतः भाजीची गाडी लावून बसले, पण संप मिटला असं कुणी जाहीर केलं नाही. मग नाव कुणी पुसायचं? फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून ते तसंच राहिलं आणि मी रोज त्याच्या कडेने बातम्या लिहीत गेलो. खडू पुसट व्हायचा. "गिरव रे," कुणीतरी म्हणायचं. मी तीनदा गिरवलं.

दादा वर्षभराने खोली सोडून शिवडीला गेले, गोदीजवळ ट्रकच्या गॅरेजात. मी हँगरमध्ये लागलो. घरी आणि चाळीत सांगितलं, एका खाजगी कंपनीत, सांताक्रूझला. तोवर कोण कुठे लागतो हे विचारायचं लोकांनी सोडलं होतं. तेवीस वर्षं मी तिथे स्टोअर सांभाळलं. सरदारजी पहिली दोन वर्षं विचारायचा, "वो उस्ताद क्यों नहीं आया?" मी म्हणायचो, गावी गेला.

एकदा विमान रिकामं अहमदाबादला जायचं होतं, तेव्हा वैमानिकाने मला बसवलं. मी तिसऱ्या जागेवर बसलो. खिडकीची. बारीक शीळ सुरू झाली, चढत गेली, घरघर तिच्यात मिसळली, आणि मला कळलं की दादांनी अंगणात तोंडाने जो आवाज काढला होता त्यात काडीचाही फरक नव्हता. प्रत्यक्ष न ऐकता त्यांनी तो पुस्तिकेतल्या आकड्यांवरून बसवला होता. धावपट्टीवर मी माणसांची पावलं मोजावी तसं मोजत होतो, आणि पिठाच्या गिरणीच्या हिशोबाला विमान उठलं. उतरताना पाती उलटी वळली आणि मी पुढे झुकलो. शेजारी कुणी नव्हतं. आठांना एक संडास होता, दाराला कडी होती. मी जाऊन लावून पाहिली.

निवृत्त झाल्यावर मी शिवडीला गेलो. पत्ता काशीबाईच्या भाचीने दिला. वाक्य तयार करून गेलो होतो: दादा, फळ्यावर तुमच्या जागी माझं नाव हवं होतं, मी फॉर्म आणायला गेलो होतो आणि तुम्हाला आडोसा म्हणून नेलं होतं. बसमध्ये पाठ केलं, जिन्यात पुन्हा म्हटलं.

दादा खिडकीत बसले होते. खूप वाळलेले. रिंग खात्याने आणि ट्रकांनी मिळून कान पूर्ण नेले होते. मला बघून ते उठू लागले, मी त्यांना बसवलं.

"कारकुना! विमान आहे का अजून?"

मी मोठ्याने काहीतरी म्हणालो. त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही. मग हात मागे नेऊन कॉलरमागची दांडी काढली. तीच. हातात धरून धरून काळी आणि गुळगुळीत झालेली. एक टोक त्यांनी उरलेल्या दातांत धरलं, दुसरं पुढे वाकून माझ्या गळ्याला लावलं आणि डोळे मिटले. बोल, अशी हाताने खूण केली.

लाकूड गार होतं. मी आवंढा गिळला, तो त्यांना ऐकू गेला असणार. गळ्यात काय घासतंय तेही कदाचित. चौदा नंबरची चाती त्यांनी अशीच ओळखली होती.

"दादा," मी म्हणालो, "ती आतली पाती. ढिली का ठेवतात हो?"

त्यांनी दांडी काढली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला खिडकीकडे बघावं लागलं. अर्धा तास ते बोलत होते. गरम झालं की धातू फुगतो, त्याला जागा लागते. आधीच आवळून बसवली तर तडकतील. फिरायला लागली की बाहेरच्या बाजूला फेकली जातात आणि ज्याच्या त्याच्या खोबणीत घट्ट बसतात. हातवारे, शीळ, घरघर, सगळं. शेवटी तळहात उलटे करून त्यांनी विमान थांबवलं, आणि मी जागच्या जागी पुढे झुकलो. ते हसले.

मग त्यांनी दांडी पुन्हा दातांत धरली, दुसरं टोक माझ्या गळ्याला लावलं आणि डोळे मिटून वाट पाहिली. पहिल्यापेक्षा जास्त वेळ.

"काही नाही, दादा," मी म्हणालो.